पिंजाऱ्याने सांगितलेला अर्थ

त्या वर्षी अकोल्याकडच्या आमच्या शेतातला कापूस वेचणीच्या वेळी भिजून पिवळा पडला. व्यापारी हात लावेनात. शेवटी वडिलांनी त्यातला एक गठ्ठा मला अमरावतीला पाठवला, गाद्या भरून घे म्हणाले. मी तेव्हा कॉलेजात मराठी शिकवायचो आणि राजापेठेत तिसऱ्या मजल्यावर राहायचो.

गाद्या भरायला एक म्हातारे पिंजारी आले. खाली पडलेला गठ्ठा त्यांनीच पाठीवर वर आणला. दाराला टेकून म्हणाले, "दम घेऊ द्या जरा, सायेब."

नेमकं त्याच आठवड्यात मला शब्दांच्या प्रवासावर व्याख्यान द्यायचं होतं. मी वही घेऊन त्यांच्यासमोर बसलो. "दम म्हणजे काय हो, तुमच्याकडे?"

"दम म्हणजे सास. फारसीतला हाये," ते थांबत थांबत म्हणाले. "अन् अरबीत दम म्हणजे रगत. लहानपणी मदरशात शिकलो."

मला घबाडच मिळालं. संस्कृतात दम म्हणजे इंद्रियांवरचा ताबा. मराठीत आपण दम धरतो, दुसऱ्याला दम देतो. त्यात आता श्वास आणि रक्त. मी विचारत राहिलो, ते पिंजत पिंजत सांगत राहिले. गच्चीवर पिंजलं तर शेजाऱ्यांच्या कपड्यांवर कापूस उडेल, म्हणून मी त्यांना आतल्या बंद खोलीत बसवलं होतं. ते सारखे खोकत होते. पाणी बायकोने आणून दिलं. मला सुचलं नव्हतं.

व्याख्यानात मी त्यांची नक्कल केली. छातीवर हात ठेवून, धापा टाकत: "दम म्हणजे... सास... सायेब." सगळे खदखदून हसले. मीही हसलो.

नंतर माझ्या वर्गातली एक अबोल मुलगी जवळ आली. "सर, ते माहे अब्बा हायेत," म्हणाली. मग म्हणाली, "तुमच्या घरून आले तवापासून निजूनच हायेत."

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला त्यांच्या घरी गेलो. ते खाटेवर उठून बसले, मुलीला चहा ठेवायला सांगितलं. मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, "पोरगी म्हणे, लोक हसले. मी सांगतलेला अर्थ चुकला का, सायेब?"

मुलगी शेगडीपाशी पाठमोरी उभी होती. नक्कल तिने त्यांना सांगितली नव्हती.

"नाही, अर्थ बरोबरच होता."

"मंग कावून हसले?"

"पोरं आहेत, कशालाही हसतात," मी म्हणालो. चहा प्यालो आणि माफी न मागताच उठलो.

ते पुढे हिंडूफिरू लागले, पण पिंजणं सुटलं ते सुटलंच. मुलगी वर्षभर वर्गात येत राहिली. हजेरी घेताना तिचा नंबर आला की मी मान वर करत नसे.