शाळेमागचा रहाट

यमुना एकही आवाज चुकली नाही. हेडफोनमध्ये बारीक सूर वाजला की टोपलीत एक सुपारी टाकायची, असा आमचा खेळ होता. आवाज अगदी तळाला नेला, तरी सुपारी पडलीच. दहा वर्षांच्या त्या पोरीचे कान माझ्याहून चांगले होते.

तिचे वडील धर्मादादा मात्र हातात फॉर्म घेऊन उभे होते. फॉर्म मुंबईतल्या बहिऱ्या मुलांच्या शाळेचा. माझी सही झाली की यमुना घर सोडून तिकडे जाणार होती. मुलगी बहिरी आहे, इथे शिकणार नाही, असं नागावच्या गुरुजींनी लिहून दिलं होतं.

एकोणीसशे साठचं दशक अर्धं सरलं होतं. मुंबईच्या एका इस्पितळात मी कान तपासायची. ऑडिओमीटर, म्हणजे कान किती बारीक आवाज टिपतो ते मोजणारं मशीन, घेऊन त्या रविवारी नागावला शिबिरासाठी आले होते. शाळेची खोली बंद करून घेतली, तपासलं, आणि मोठ्या ऐटीत कार्डावर लिहिलं, ‘कान उत्तम. मुलगी हट्टी असावी.’

गुरुजींनी ते वाचलं. मग हट्टी मुलीला वर्गात ठेवणार नाही, म्हणाले. पोर दोन्हीकडून गेली, आणि तीही माझ्या अक्षरामुळे. मला ओशाळल्यासारखं झालं.

दुपारी जेवायला धर्मादादांच्या वाडीत गेलो. वाडी शाळेच्या भिंतीला लागूनच. जेवून सुपारीच्या बुंध्याशी टेकले. हिरवा उजेड अंगावर हलत होता. पाटातलं पाणी जाईल तसं जात होतं. डोळ्यांवर झापड बांधलेला रेडा रहाट ओढत गोल फिरत होता, लाकूड करकरत होतं, गाडगी भरून येत होती, रिती होत होती. आपण मुंबईहून आलो, हेसुद्धा खरं वाटेना.

यमुनाच्या आईने तिला काहीतरी आणायला सांगितलं. यमुना वळली, पण नुसती आईच्या तोंडाकडे बघत राहिली. तेवढ्यात रेडा थांबला. आईने तेच पुन्हा सांगितलं, तशी पोर धावत जाऊन तांब्या घेऊन आली. माझी पेंग उतरली.

मी तिच्या पाठीमागे उभी राहिले, म्हणजे ओठ दिसायला नकोत. रहाट थांबवून वीस साधे शब्द म्हटले. तिने एकोणीस बरोबर सांगितले. मग तेवढ्याच अंतरावरून, तेवढ्याच आवाजात, रहाट चालू ठेवून दुसरे वीस. चार आले. तिच्या चुलतबहिणीला त्याच गोंगाटात सतरा आले.

कान आवाज आणून देतात. त्यातलं बोलणं निवडून काढायचं काम मेंदूचं. यमुनाची अडचण त्या निवडण्यात असावी, असं मी धर्मादादांना सांगितलं. एका चाचणीवर निदान करत नाहीत, म्हणून मुंबईला बोलावलं. तिथे टेपरेकॉर्डरवरून दोन्ही कानांत एकाच वेळी वेगवेगळे शब्द ऐकवले, गोंगाटातले शब्द पुन्हा तपासले. तेच निघालं. आज याला लांबलचक नाव आहे. तेव्हा आम्ही नुसतं वर्णन लिहायचो.

पण त्या दुपारी धर्मादादा रहाटाकडेच बघत बसले होते. वाडीचं शिंपण, म्हणजे रहाट चालवून झाडांना पाणी देणं, ते रोज शाळेच्या वेळीच करायचे.

“म्हंजे मीच तिला आयकू देत न्हवतो,” ते म्हणाले. “आन् आयकत न्हाय म्हणून मारत व्हतो.”

यमुना पाटात पाय सोडून बसली होती. मी फॉर्म सही न करताच परत दिला; कार्डावरची ओळ खोडून तिथे ‘गोंगाटात बोलणं कळत नाही’ असं लिहिलं, खाली सही केली आणि कार्ड गुरुजींना दिलं.

शिंपण पहाटे होऊ लागलं. यमुनाला पुढे, गुरुजींच्या समोर जागा मिळाली. वर्षभराने गुरुजींचं पोस्टकार्ड आलं. यमुना चौथी पास झाली होती, आणि वर्गात फार बोलते अशी तक्रार होती. तपासणीची खोली शांत असावी, असं आम्हाला शिकवतात. ते बरोबरच आहे, फक्त तिथे कुणी राहत नाही.