डाव्या चाकाजवळचा डाग

कारध्याच्या अश्वजित मेश्रामला गावात सगळे विमानवाला म्हणतात. वीस वर्षं तो वायुसेनेत मेकॅनिक होता. निवृत्त झाल्यावर प्लास्टिकचे तुकडे जोडून हातभर लांबीची लढाऊ विमानं करू लागला. नवंकोरं विमान मात्र त्याला बघवत नाही. पंखांच्या कडांचा रंग उडालेला दिसला पाहिजे, शेपटाशी धुराची काजळी हवी, पायलट चढतो तिथे बुटांच्या खुणा हव्यात.

"एवढं चांगलं रंगवता, मंग मळवता कायले?" बायको रत्नमाला विचारते.

"उडालेलं इमान मळकटच रायते," हे त्याचं ठरलेलं उत्तर.

गेल्या महिन्यात नागपूरहून फोन आला. वासुदेवराव नावाच्या निवृत्त पायलटला एक विमान करून हवं होतं. त्यांनी शेपटीवरचा नंबर सांगितला आणि अश्वजितच्या तोंडचं पाणी पळालं. तरी "हो साहेब" निघून गेलंच. नोकरीची सवय, दुसरं काय!

त्या विमानाची सकाळची तपासणी तीस वर्षांपूर्वी त्यानेच केली होती. डाव्या चाकाच्या खाचेत तेलाचा ओघळ दिसला. विमान थांबवावं तर वरून बोलणी बसणार, आणि ओघळ तो केवढा, बोटभर. त्याने फडक्याने पुसला आणि सही ठोकली. उतरताना डावं चाक बाहेर आलंच नाही. विमान जळालं. वासुदेवराव वाचले, पण उजवा पाय गुडघ्यापासून गेला. जळक्या सांगाड्यात चौकशीला काही सापडलं नाही, अश्वजितला कोणी फारसं विचारलंही नाही. तेव्हापासून अनोळखी माणूस दारात दिसला की तो आधी रत्नमालाला पुढे करतो.

महिनाभर जीव मुठीत धरून त्याने ते विमान रंगवलं. काल शेवटचा हात फिरवायचा होता. पातळ केलेला तपकिरी तैलरंग लावायचा आणि कोरड्या ब्रशने खाली ओढायचा. हात आपसूक चालत होता. ब्रश ठेवला आणि मग त्याने पाहिलं. डाव्या चाकाच्या खाचेतून तेलाचा ओघळ उतरला होता, नेमका त्याच जागी. कुठल्याही फोटोत तो नव्हता. त्या सकाळी विमानाखाली जो वाकला, त्यालाच तो ठाऊक.

आज दुपारी वासुदेवराव स्वतः यायचे होते. टर्पेंटाइनमध्ये बुडवलेला कापूस घेऊन अश्वजित सकाळपासून बसला होता. रंग अजून ओलाच होता.

"पुसून टाका न," रत्नमाला म्हणाली. तिला सगळं माहीत होतं. "काहून भिऊन राहिले एवढे?"

"एकदा पुसलाच होता नं," तो म्हणाला, आणि कापूस हातातच राहिला.

वासुदेवराव काठी टेकत आले. विमान हातात घेतलं आणि सरळ उलटं केलं. बोट डाव्या चाकापाशी जाऊन थांबलं. अश्वजितला वाटलं, संपलं. आता पोलीस येतील, पेन्शन जाईल, गावभर छीथू होईल.

"साहेब, मी त्या दिवशी..."

"थांब. आधी मले बोलू दे." वासुदेवरावांनी बोट तिथून हलवलं नाही. "चढायच्या आधी मी विमानाला चक्कर मारली होती. कोणीतरी तेल नुकतंच पुसलेलं दिसत होतं, अन् त्यावर परत ओघळ आला होता. उड्डाण रद्द झालं असतं, म्हणून मी हातमोज्याने पुसला. चौकशीत सांगितलं, मले काही दिसलं नाही. तो मेकॅनिक एक दिवस तोंड उघडेल, या भीतीत तीस वर्षं काढली. विमानं करणारा तूच तो, हे कळलं म्हणूनच ऑर्डर दिली. तुले आठवते का, ते पाहायचं होतं."

एवढी वर्षं अश्वजित ज्या माणसाला भीत होता, तो माणूस अश्वजितलाच भीत होता.

"वार्निश बाकी हाये साहेब," अश्वजित म्हणाला. "ते मारलं का मंग हा डाग निघत नाही."

वासुदेवरावांनी त्याच्या मुठीतला कापूस काढून घेतला.

"मार," ते म्हणाले.