तळ्यात पडलेलं विमान

माझी धाकटी बहीण हवाई दलात विमान चालवायला शिकत होती, तेव्हाची गोष्ट. आबा, म्हणजे आमचे वडील, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. पोरगी वैमानिक होणार म्हणून त्यांनी शिराळ्यात ओळखीच्या सगळ्यांना पेढे वाटले होते.

त्या सकाळी आबा आणि मी उसाला पाणी देत होतो. चुलते बांधावरून मोबाईल घेऊनच आले. बातमी दोन ओळींची होती. शिकाऊ विमान तळ्यात कोसळलं, प्रशिक्षणार्थी जागीच ठार. ती शिकत होती तेच गाव होतं. नाव दिलेलं नव्हतं.

मी तिला फोन लावला. बंद. परत लावला. बंद.

"उडायच्या आधी फोन जमा करून घेत्यात," आबा म्हणाले आणि मोटर बंद करायला गेले. पण सीमेवर राहून आलेल्या त्या माणसाला मोटरच्या पेटीची साधी कडी निघेना. बातमीपेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटली.

घरी आई टीव्हीपुढं उभी होती. पडद्यावर तळं, दोन होड्या, एक दोर.

"आवं, पाणी लय खोल असंल का?" तिनं विचारलं.

तासाभरानं अनोळखी नंबरावरून फोन आला. मला उचलवेना. शेवटी आबाच म्हणाले, "उचल."

"दादा, मी हाय," ती म्हणाली, आणि रडायला लागली. "माझी रूम पार्टनर गेली रं. एकटीनं उडायचा तिसराच दिवस हुता तिचा."

दिवाळीत ती मुलगी आमच्याकडं चार दिवस राहिली होती, आईजवळ बसून भाकरी थापायला शिकली होती. तरी ऐकताक्षणी मला आनंदच झाला. त्याची लाज अजून जात नाही.

आईनं फोन घेतला. "तिच्या आईला कळवलं का गं कुणी?"

आबा म्हणाले, "तिला म्हणावं, घरी ये."

"सोमवारी माझी उडायची पाळी हाय," तिकडून उत्तर आलं.

सोमवारी कुणी रानात गेलं नाही. दुपारी तिचा फोन आला. "उतरले. वळताना खाली तळं आलं, पण मी बघितलंच न्हाई."

आबांनी नुसतं "बरं" म्हटलं, फोन माझ्या हातात दिला आणि न्हाणीत जाऊन ओकले. तोंड धुऊन आल्यावर त्यांनी विचारलं, "अजून किती म्हैनं शिकायचं हाय तिला?"