कुंदाकाकीने ओळखलेला पतंग

कुंदाकाकी आज सकाळी गेली आणि दुपारच्या जेवणाआधी सरांना तिच्याबद्दल उमाळा दाटून आला.

त्यांनी पोस्ट टाकलीय. "आमच्या विभागाचा आधारस्तंभ हरपला." खाली जोडलेले हात. फोटोत सर मधोमध, अंगावर सत्काराची शाल. काकी कडेला, अर्धी कापलेली, हातात चहाचा ट्रे.

सर, आधारस्तंभाचं आडनाव तुम्ही चुकीचं लिहिलंय.

ज्यांना काकी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रोह्याला आमच्या कॉलेजात झूलॉजीच्या लॅबमध्ये ती अटेंडंट होती. माहेर जोह्याचं. लग्नाआधी तिथल्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखायची. लग्न होऊन रोह्याजवळ खांब गावी आली, आणि तो हात आमच्या बरण्या धुण्यात गेला.

पण डोळा गेला नव्हता. सर चहाला बाहेर पडले की ती मायक्रोस्कोपपाशी. सरांचे चहा लांबलचक असत, त्यामुळे तिचा अभ्यास बराच झाला.

लेडीज टॉयलेटबाहेरची ट्यूब कोणीच बंद करत नसे. सकाळी त्या भिंतीवर पतंग चिकटलेले असायचे. आधी ते बघायचे, मगच झाडू मारायचा, हा तिचा नियम.

मी तिथे सरांच्या हाताखाली एमएससी करत होते. विषय जिऑमेट्रिड पतंग. यांची अळी वीत घातल्यासारखी पाठीची कमान करत चालते. मोठे झाल्यावर पंख पसरून इतके सपाट बसतात की भिंतीवरचा डागच वाटावा.

एक राखाडी पतंग सापडला, तो पारदर्शक डबीत ठेवला. पंखांवर बारीक कडी. मिशा साध्या, दोऱ्यासारख्या.

सरांनी डबीचं झाकणही न उघडता जीनस, म्हणजे पतंगाचं आडनाव, सांगितला.

"आस्कोटिस. मिशा साध्या आहेत. लिहून घ्या. पेणच्या सेमिनारला पोस्टर लावू."

बेसिनपाशी उभी काकी म्हणाली, "सर, ती बाई हाय."

"कोण?"

"ह्ये पाखरू. बायांच्या मिशा साध्याच असतात, दुसऱ्या जीनसच्या पन. मिशीवरून ठरवायचं तर बाप्या बघायला पायजे."

सर हसले. सर हसले म्हणून आम्ही सगळे हसलो.

"कुंदा, तू पीएचडीच कर. त्याआधी बरण्या धू."

ते गेल्यावर काकीने मला बोलावलं. पतंग हलकेच उलटा धरला, बारीक ब्रशने पंख जरासे दूर केले. "मागच्या पंखाच्या मुळाशी बघ. तिथला राठ केस पुढच्या पंखात अडकतो. बाप्याला एकच असतो. हिला किती?"

मी भिंगातून मोजले. "तीन."

"मग?"

मग काय. मी घरी जाऊन पोस्टरवर 'आस्कोटिस' टाइप केलं. मला थीसिसवर सरांची सही हवी होती.

त्या मादीने डबीतच अंडी घातली होती. काकी डबी घेऊन एसटीने खांबला गेली. पिल्लं निघाली तेव्हा तिने नाना झाडांचा पाला टाकून बघितला. पेरूचा खाल्ला. मग रोज पेरूचा.

इकडे पेणला पोस्टरला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनीही डबी उघडली नव्हती.

महिनाभराने काकीने सरांच्या टेबलावर बरणी ठेवली. आत पाच नर.

"त्याच बाईची पोरं. मिशा बघा."

कंगव्यासारख्या मिशा. दोन्ही बाजूंनी दाते, फक्त टोक मोकळं. आस्कोटिसच्या नराला असले दाते नसतात. क्लीओरा या दुसऱ्या जीनसच्या नराला असतात. सरांच्याच कपाटातल्या पुस्तकात लिहिलं होतं, फक्त ते कपाट काकीच पुसायची.

सर बराच वेळ मायक्रोस्कोपवर वाकून होते. मग उठून म्हणाले,

"मला शंका होतीच."

बस्स. एवढंच.

पेपर छापून आला. जीनस क्लीओरा, एकदम अचूक. लेखक सर, दुसरी मी. शेवटी आभार: प्राचार्य, व्यवस्थापन, आणि संयम राखल्याबद्दल सरांची पत्नी.

छापायला देण्याआधी सरांनी मला विचारलं होतं, "कोणाचं नाव राहिलं नाही ना?"

मी म्हणाले, "नाही सर."

सरांची लाज काढणं सोपं आहे. पण ते "नाही सर" माझं आहे.

काकीने पेपर मागून घेतला. इंग्रजी अक्षरं बोटाने लावत शेवटपर्यंत गेली. मग म्हणाली, "यात मी कुठं हाय गो?"

"सरांनीच ते…"

"सरांचं सोड. ते तसलेच. केस कोनी मोजले?"

"मी."

"मग तुला तोंड नव्हतं?"

रिटायर होईपर्यंत ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. "सरक." "लादी ओली हाय." मी त्याच कॉलेजात शिकवायला लागले, मला 'मॅडम' म्हणायला लागली. ती शिवी होती. आम्हा दोघींनाच माहीत.

आज काकीला पोचवून खांबहून परत येताना सरांची ती पोस्ट वाचली. तशीच लॅबमध्ये गेले, पतंगांची पेटी काढली. प्रत्येक टाचणीखाली चिठ्ठी असते, कोणी ओळखला त्याची. पाचही नरांखाली सरांचं नाव, माझ्या अक्षरात.

चिठ्ठ्या काढल्या. पाच नव्या लिहिल्या, काकीच्या नावाच्या. मग जर्नलला मेल केला, सगळं जसं घडलं तसं, त्या "नाही सर"सकट. प्राचार्यांना कॉपी. सरांनाही.

संध्याकाळी सरांचा फोन आला.

"हे आजच करायची गरज होती का?"

"नव्हती, सर. तेव्हाच करायला हवं होतं."

त्यांनी फोन ठेवला. पोस्ट अजून आहे. लाइक वाढतायत.

काकी, तू असताना हे केलं नाही.

मला माफ करू नकोस.

सुखाने जा.