दुसऱ्या पंगतीची भूक

माझ्या मैत्रिणीला ग्वाल्हेरला शिकायला पाठवताना तिच्या वडिलांनी एकच अट घातली होती: दुबळी दिसलीस तर सामान बांधायचं. गुणांबद्दल, मित्रमंडळींबद्दल, फोनबद्दल ते काही बोलले नव्हते. भिंडकडच्या एका गावात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं त्यांचं दुकान होतं. यंत्र नीट चालतं की नाही हे बाहेरून बघूनच ओळखायची त्यांना सवय असावी. दिवाळीत ती घरी गेली तेव्हा त्यांनी तिला दारातच वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सांगितलं, "संक्रांतीनंतर मी येईन. असंच दिसलं तर परत घेऊन जाईन."

ती गणितात एम.एस्सी. करत होती आणि आमच्या सबंध वर्षात तिच्या तोडीचं डोकं मला दुसरं दिसलं नव्हतं. ते डोकं केवळ वजनापायी भिंडला परत जाणार, ही गोष्ट मला असह्य वाटली. मी सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी. माझ्या मते हा प्रश्न अगदी सरळ होता. मुलगी अशक्त होते आहे, म्हणजे एकतर तिच्या पोटात काही बिघडलं आहे किंवा पोटात काही जातच नाही. वसतिगृहात जागा न मिळाल्यामुळे ती विद्यापीठाजवळ एका खोलीत भाड्याने राहत होती आणि घरमालकिणीने शेगडी ठेवायला मनाई केली होती. त्यामुळे तिचं दोन्ही वेळचं जेवण बाहेर. बाहेर म्हणजे नेमकं कुठे, एवढं शोधलं की काम झालं, अशी माझी समजूत होती.

मी एक वही केली. प्रत्येक जागेसाठी पिण्याचं पाणी, वाढणाऱ्याचे हात, तेलाचा रंग, सांगितल्यापासून ताट समोर येईपर्यंतचा वेळ, असे रकाने आखले. फाटकाबाहेर सकाळी बेढई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, आणि आलूची भाजी मिळे. तेल काळं, पण गिऱ्हाईक इतकं की काहीही शिळं राहत नसे. पोहे-जलेबीच्या गाडीवर पोहे उत्तम आणि पाणी संशयास्पद. समोसेवाल्याकडची हिरवी चटणी मी एका लहान बाटलीतून थेट प्रयोगशाळेत नेली. आमच्या सरांनी ती बाटली उजेडात धरून पाहिली आणि विचारलं, "हा तुमच्या प्रबंधाचा विषय आहे, की समोसेवाल्याशी तुमचं काही वैर आहे?" त्यानंतर बाटल्या बंद झाल्या, वही चालू राहिली.

मैत्रिणीला या सगळ्याची भारी गंमत वाटे. आमचं बोलणं हिंदीतून चाले; माझ्या तोंडची वाक्यं इथे मराठीत देते आहे. "साइंटिस्ट मैडम," ती म्हणायची, "आज कहाँ छापा पड़ेगा?" मी नेईन तिथे ती येई, बसे, गप्पा मारी. ताट मात्र अर्धं राहायचं. छोले-भटुऱ्यांच्या दुकानात राहिलं, मॅगी आणि कोल्ड कॉफीच्या नव्या कॅफेत राहिलं. पोट दुखत नव्हतं, ताप नव्हता, चव आवडत नाही असंही नव्हतं. डबा लावून पाहिला. एकटीने खोलीत बसून खायचा तो डबाही अर्धा परत जाऊ लागला. "अकेले क्या खाना," एवढंच ती म्हणाली.

एका रविवारी मी तिला गोरखीजवळच्या आमच्या घरी जेवायला नेलं. बाबा आणि दादा बाहेर जेवत होते तोवर ती आत आईजवळ उभी राहून पोळ्यांना तूप लावत होती. मग आई, मी आणि ती बसलो. त्या दिवशी तिने चार पोळ्या, दोनदा भाजी आणि वरून भात खाल्ला. आईने आग्रह केला तेव्हा पाचवी पोळीही घेतली. मी चकित झाले, आणि लगेच निष्कर्षही काढला: तिला घरगुती जेवण हवं आहे. कमी तेल, कमी मसाला, ताजी पोळी. वहीत मी तो ठळक अक्षरांत लिहिला. त्या दुपारी आमच्या घरात चवीखेरीज आणखी काय काय वेगळं होतं, हे तपासण्याची तसदी मात्र घेतली नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या वहीत अशी चूक दिसली असती तर मी लाल शाईने गोल केला असता.

"तर मग रोज आमच्याकडेच ये," मी म्हटलं.

"रोज-रोज किसी के घर कौन खाता है," ती म्हणाली, आणि तो विषय तिथेच संपला.

म्हणून मी घरगुती चवीच्या जागा शोधू लागले. शहराच्या हजिरा भागात एक भोजनालय सापडलं. साधी डाळ, तव्यावरचे फुलके, स्वच्छ फरशी, कोपऱ्यात हात धुवायला बेसिन. माझ्या वहीतले सर्वाधिक गुण त्याला मिळाले होते. त्या दिवशी मी स्वतः लवकर जेवले आणि तिच्याकडे नुसती बघत राहिले. तिने फुलक्याचा तुकडा मोडला, डाळीत बुडवला आणि हातातच धरून ठेवला. शेजारच्या टेबलावर एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांचा मुलगा जेवत होते. ते उठले, बेसिनकडे गेले, पाणी वाजलं. त्याबरोबर तिने तो तुकडा तोंडात टाकला, पाठोपाठ दुसरा, तिसरा. तेवढ्यात त्या टेबलावर तिघे नवे येऊन बसले. तिचा हात पुन्हा थांबला.

मी घड्याळ लावलं. तासाभरात हे चार वेळा घडलं. खोलीतले पुरुष जेवत असले की ती थांबे. ते हात धुवायला गेले की तिचा हात चाले. पण भोजनालय म्हणजे न संपणारी पंगत. तिथे कोणी ना कोणी सतत जेवत असणारच.

मी तिला जे पाहिलं ते सांगितलं. ती आधी हसली, मग गंभीर झाली. हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं.

"हमारे यहाँ पहले पापा, चाचा, भैया खाते हैं," ती सावकाश म्हणाली. "आँगन में हाथ धोने की आवाज़ आती है न... तब भूख लगती है. उससे पहले लगती ही नहीं."

मला एकीकडे शोध लागल्याचा आनंद झाला आणि दुसरीकडे संताप आला. तिथल्या तिथे मी तिला एक व्याख्यान दिलं: शरीराला शिकवलेली सवय म्हणजे निसर्ग नव्हे, शिकवलेलं पुसताही येतं, आणि या शतकात आपण पुरुषांच्या हात धुण्याची वाट पाहत उपाशी बसणं लाजिरवाणं आहे. ते तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"हो गया?" ती म्हणाली. "उस दिन तुम्हारी मम्मी किसके साथ बैठी थीं? पापा के साथ?"

आई आमच्याबरोबर बसली होती, बाबा उठल्यावर. चोवीस वर्षं मी त्या घरात जेवत होते आणि ही गोष्ट माझ्या डोळ्यांना कधी दिसलीच नव्हती. संध्याकाळी मी आईला विचारलं. "मी आधी बसले तर गरम पोळी कोण देईल तुम्हाला?" ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने आपणहून पुढे बोलली, "आणि खरं सांगू? मला नंतरच चवीनं जेवता येतं. सब लोग उठ गए की कसं शांत वाटतं." आमच्या घरी मराठी अशीच मधूनच हिंदीत शिरते. पण मला त्या क्षणी भाषेपेक्षा तिच्या समाधानाचंच जास्त कुतूहल वाटलं. ते खरं होतं की शिकवलेलं? आणि शिकवलेलं असलं तर त्यामुळे खोटं ठरतं का?

संक्रांत तीन आठवड्यांवर आली होती. आता मी वेगळी जागा शोधत होते: अशी, जिथे पंगत संपते.

नई सडकेच्या मागच्या गल्लीत एक काकू पहिल्या मजल्यावर खानावळ चालवत. दोन लांब बाकं, दुपारी दोन पंगती. एक वाजता बँकेतले, दुकानांतले आणि महाविद्यालयातले पुरुष. सगळे जेवून होईपर्यंत कोणी उठायचं नाही, असा काकूंचा दंडक. दोन वाजता स्वतः काकू, त्यांच्या मदतीच्या बाई आणि उशिरा आलेल्या मुली. विद्यापीठापासून हे अंतर गैरसोयीचं होतं, पण आमचे तास दीडला संपत. पहिल्याच दिवशी मदतीच्या बाई आल्या नव्हत्या. काकूंनी आम्हाला दारात पाहिलं आणि त्या स्वयंपाकघरातूनच ओरडल्या, "अगं, उभ्या काय राहिल्यात? ही कोशिंबीर फिरवा जरा!" मैत्रिणीला मराठी येत नव्हती, पण पुढे केलेलं भांडं कोणत्याही भाषेत समजतं. तिने कोशिंबीर वाढली, वरण वाढलं, कोणाला काय हवं ते न विचारता ओळखलं. पंगत उठली. मग ती काकूंशेजारी बसली आणि आमच्या घरी जेवली होती तशी जेवली.

मी जिंकले होते, आणि मला ते मुळीच आवडलं नव्हतं. उपाय सापडला होता. पण तो म्हणजे तिची जुनी अडचण जशीच्या तशी उचलून दुसऱ्या जिन्यावर नेऊन ठेवणं होतं. हळूहळू थोडं आधी बसत जाऊ या, असं मी सुचवलं. "लैब का चूहा समझा है?" ती म्हणाली. "पहले पापा से निपटने दो."

पापा संक्रांतीनंतरच्या गुरुवारी आले. उंच, कमी बोलणारे, हातात घाण्यावरच्या मोहरीच्या तेलाचा डबा. मुलगी जेवते कुठे ते बघायचं आहे, म्हणाले. आम्ही त्यांना काकूंकडे नेलं. काकूंनी त्यांना पहिल्या पंगतीत बसवलं. मैत्रीण वाढत होती. त्यांनी जेवण संपवलं, तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "अभी भी दुबली है. कल की बस से चलते हैं."

खरं म्हणजे तिची तब्येत सुधारत होती. पण तीन आठवड्यांत जे भरून आलं होतं ते पाच महिन्यांत गेलेल्याच्या मानाने थोडंच. मी वही काढायला पिशवीत हात घातला. काकूंनी मला नजरेनेच थांबवलं.

"भाईसाहब," त्या म्हणाल्या, "आपने कभी देखा है, ये कितना खाती है?"

"घर में इसकी माँ देखती है."

"यानी नहीं देखा. तो आज देखिए. उठिए मत, हमारे यहाँ बीच में उठते नहीं." आणि काकूंनी वडिलांच्या समोरच्याच बाकावर एक भरलेलं ताट ठेवलं. "बस गं."

मैत्रीण बसली. बाकीची पंगत खोळंबली; बँकेतल्या एका गृहस्थांनी घड्याळ पाहिलं. वडिलांचा हात उष्टाच होता. ते उठणार नव्हते, पाणी वाजणार नव्हतं, आणि तिला भूक लागण्याची कोणतीही शक्यता नव्हती, हे त्या खोलीत फक्त आम्हा दोघींना माहीत होतं. तिने घास मोडला. तो हातात थांबला. मी मनातल्या मनात सेकंद मोजत होते आणि सामान कुठल्या बॅगेत बसेल याचाही विचार करत होते.

मग तिने घास तोंडात घातला. गिळला. दुसरा घेतला. ते जेवणं म्हणजे अवघड सिद्धता एकेक ओळ करत पुढे नेण्यासारखं होतं. कुठेही सूट नाही, कुठेही घाई नाही. पहिली पोळी संपायला फार वेळ लागला. काकूंनी न विचारता दुसरी वाढली. वडील ते सगळं पाहत होते. प्रथम परीक्षकासारखे, नंतर काहीसे संकोचून, जणू परवानगी न घेता कोणाच्या खोलीत डोकावल्यासारखे. तिसऱ्या पोळीला त्यांनी स्वतःच्या डाव्या हाताने भाजीचं भांडं तिच्याकडे सरकवलं. चौथी तिने मागून घेतली.

"इतना तो मैं नहीं खाता," ते अखेर म्हणाले. पंगतीत कोणीतरी हसलं. मग ते उठले आणि मोरीशी पाठमोरे उभे राहून बराच वेळ हात धूत राहिले. परत येऊन तिला एवढंच म्हणाले, "होली पर घर आ जाना. चार दिन के लिए."

त्यांना बसमध्ये बसवून आम्ही परत निघालो. मला विचारल्याशिवाय राहवेना. "भूक नव्हती ना?"

"दूसरी तक बिलकुल नहीं. ज़बरदस्ती थी." ती थोडी चालली. "लेकिन तीसरी, पता नहीं क्यों, अच्छी लगी."

"का?"

"वही तो. देखना पड़ेगा."

दुसऱ्या दिवशी तिने शेवटचा तास बुडवला, मलाही बुडवायला लावला आणि एकला दहा मिनिटं कमी असताना आम्ही काकूंकडे होतो. आज पहिल्या पंगतीत बसायचं, असं तिने जाहीर केलं. काकूंनी लाटणं थांबवलं.

"आणि दोन वाजता माझ्याबरोबर कोण?"

मी भाषांतर केलं. मैत्रीण म्हणाली, "आप भी अभी बैठिए न, काकू."

"वा! आणि पोळ्या?"

काकू तव्याकडे वळल्या. मग त्यांनी उरलेल्या सगळ्या पोळ्या भराभर लाटून भाजल्या, एका मोठ्या डब्यात रचल्या, डबा बाकाच्या मधोमध आणून ठेवला आणि मैत्रिणीच्या शेजारी बसल्या. पोळ्या लवकरच निवल्या. बँकेतल्या गृहस्थांनी एक उचलून बोटांनी दाबून पाहिली.

"काकू, आज थंडच?"

"हो," काकू घास चावत म्हणाल्या, "मलाही थंडच आहे."