सत्यवान परब आणि खांबाकडची तार

सत्यवान परबाने माझ्या डोळ्यांदेखत पक्कड काढली आणि कोरी करकरीत वायर मधोमध कापली, तेव्हा मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आत खाटेवर सासूबाई आहेत, याचंही मला भान राहिलं नाही. त्या नाकातली नळी सावरत हसत होत्या म्हणे.

आमचं घर धामापूरला, तळ्यापासून चालत दहा मिनिटांवर. घरात मी आणि सासूबाई. त्यांचं नाव मथुरा, पण सगळा गाव त्यांना आये म्हणतो. नवरा बोटीवर, वर्षातले आठ महिने पाण्यात. चुलीच्या धुराने आयेच्या छातीचं वाटोळं केलं आहे. गेल्या दिवाळीपासून तिला ऑक्सिजनचं मशीन लागतं. ते विजेवर चालतं आणि श्रावणात आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. अडीअडचणीला एक सिलिंडर आहे, तो पुरतो चार तास. म्हणून जनरेटर घेतला आणि तो बसवायला सत्यवानाला बोलावलं.

सत्यवान जवळच्या कट्टा गावचा. पन्नाशीचा, सडसडीत, बोलायला कंजूष. आला, जनरेटरभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि आधी त्याची जागाच बदलली. "ह्यो हंय नको. धूर आयेच्या खिडकेत जातलो." जनरेटर मागच्या अंगाला माडापाशी, पत्र्याखाली गेला. इथवर ठीक होतं. मग त्याने दुकानदाराने सोबत दिलेली वायर पाहिली. तिच्या दोन्ही टोकांना पिना होत्या. एक टोक जनरेटरमध्ये घालायचं, दुसरं भिंतीतल्या प्लगमध्ये, की सगळ्या घरात लाईट, असं दुकानदाराने मला समजावलं होतं. किती सोपं!

"ही वायर खंयसून इली?" त्याने विचारलं.

"दुकानदारान दिल्यान."

त्यावर पक्कड निघाली.

"चेंजओव्हर येयसर मी जोडूचंय नाय," तो म्हणाला. चेंजओव्हर म्हणजे मीटरजवळ बसणारी एक पेटी. तिचा दांडा वर केला की खांबावरची वीज घरात येते, खाली केला की जनरेटरची. दोन्ही एकदम कधीच नाही. ती पेटी कुडाळहून यायची होती आणि तिला चार दिवस लागणार होते.

"आणि तवसर आयेक काय झाला तर?" मी ओरडले. "वायर असती तर मी मेन बंद करून जनरेटर चालू केलो असतो!"

"सगळे असाच म्हणतत वयनी," एवढंच बोलून त्याने वायरीचे दोन्ही तुकडे पिशवीत घातले आणि गेला. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, वारा सुटला. वाटेवरच्या फणसाची फांदी तारांवर आली आणि लाईट गेली. मी सिलिंडर लावला. तासाभराने काटा बघितला. सिलिंडर पूर्ण भरलेला नव्हताच, काटा निम्म्यापाशी येऊन ठेपला होता. मागे जनरेटर नवाकोरा उभा आणि माझ्या हातात त्याला जोडायला काही नाही. मी सत्यवानाला फोन लावला. "तुमी वायर कापलास ना? आता तुमीच येवन आयेक श्वास द्या!"

तो आला. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला. पिशवीतून त्याने तीच कापलेली वायर काढली. तिच्या एका टोकाला पिन तशीच होती आणि दुसऱ्या टोकाला त्याने प्लगचा छोटा बोर्ड बसवला होता. पिन जनरेटरमध्ये, बोर्ड खिडकीतून आत आयेच्या खाटेपाशी, आणि मशीनची पिन थेट त्या बोर्डात. भिंतीतल्या वायरिंगला त्याने हातही लावला नाही. जनरेटर सुरू झाला, मशीनच्या बाटलीतलं पाणी बुडबुडू लागलं. आयेच्या ओठांवरची निळसर झाक हळूहळू गेली.

"फ्रीज नि पंखो रवांदे," तो म्हणाला. "आयेचा भागता तेवढा पुरे."

माझा राग तिथेच विरघळला असं मी म्हणणार नाही. एवढा सोपा उपाय होता तर त्याच दिवशी का नाही केला, हे मी त्याला विचारलंच.

"त्या दिवशी बोर्ड न्हवतो. दुसऱ्या दिवशी केलंय, पण तुमचो राग बघून येवक भियालंय," तो म्हणाला. मग मला हसू आलं आणि मी चहा ठेवला.

चहा घेऊन पडवीत आले, तर सत्यवान वळणावरच्या खांबाकडे टक लावून बघत होता. खांबावर प्रीतम वायरमन चढला होता. वैशाखात त्याच्या लग्नात आम्ही जेवून आलो होतो. कमरेला पट्टा, अंगावर पावसाची झड, आणि हात तारांवर. लाईन बंद आहे या भरवशावर.

मग सत्यवान बोलला, आणि मी त्याला एकदम एवढं बोलताना पहिल्यांदाच ऐकलं.

बावीस वर्षांपूर्वी, चतुर्थीच्या दिवसांत, देवगडकडच्या एका घरी मुंबईची माणसं आली होती. गणपतीपुढे अंधार नको म्हणून त्यांनी जनरेटर आणला आणि दोन्हीकडे पिना असलेली वायर सत्यवानाकडून करून घेतली. मेन बंद करा, मगच चालू करा, असं त्याने बजावून सांगितलं होतं. आरतीच्या गडबडीत मेन बंद करायचं राहून गेलं. जनरेटरची वीज मीटरमधून उलटी बाहेर पडली आणि तारांवरून खांबावर गेली. बंद लाईन दुरुस्त करायला खांबावर बाळा सावंत वायरमन चढला होता.

"जीव वाचलो," सत्यवान म्हणाला. "डावो हात कोपरापासून गेलो. वायर कोणी केल्यान, ता कोणाक म्हायत न्हवता. मीच इस्पितळात जावन बाळाक सांगलंय. दोन वरसां तो माज्याशी बोललो नाय."

मी कपबशी खाली ठेवली. माझ्याकडे ती वायर असती, तर मीही काटा बघून घाबऱ्याघुबऱ्या धावले असते. मेन बंद करायचं लक्षात राहिलं असतं का? मला माझी खात्री नाही, हे मी आज सरळ कबूल करते. आणि प्रीतम समोर खांबाला मिठी मारून होता.

दोन दिवसांनी चेंजओव्हर आला. काम करताना सत्यवानाची एक सवय दिसली. मीटरजवळचा फ्यूज काढला की तो शर्टाच्या खिशात घालतो आणि बटण लावतो, म्हणजे कोणी परत बसवू शकत नाही. संध्याकाळपर्यंत पेटी बसली, दांडा वरखाली करून झाला, फ्यूज खिशातून जागेवर गेला. मला वाटलं, संपलं.

"संपला नाय," तो म्हणाला. "लाईट जावंदे, मगे संपतला."

आमच्या गावात त्याला किती वेळ लागतो! सोमवारी दुपारी लाईट गेली. मी दांडा खाली केला, जनरेटर सुरू केला, आयेचं मशीन चालू झालं आणि मी सत्यवानाला कळवलं. तो येताना शिडी घेऊन आला. वळचणीखाली, जिथे खांबावरून आलेली तार आमच्या घराच्या वायरीला मिळते, तिथे चढला आणि जोडावरची टेप सोडली. जनरेटरची वीज उलटी तिथवर येते का, ते टेस्टर लावून पाहिलं. टेस्टर पेटला नाही. मी म्हटलं, "झाला ना? उतरा."

त्याने खिशातून फोन काढला, आवाज मोठा केला आणि शिडीच्या पायरीवर ठेवला.

"बाळा, धामापुरातसून बोलतंय. लाईन बंद आसा?"

बाळा सावंत आता सबस्टेशनात फोनपाशी बसतो. दुरुस्ती झाली की लाईन चालू करायचा निरोप त्याच्याच तोंडून जातो. म्हणजे समजा, त्याने फक्त एक शब्द इकडचा तिकडे केला, तर शिडीवरच्या माणसाचं काय होईल ते मला खालून स्पष्ट दिसत होतं. ज्याचा हात याच्यामुळे गेला, त्याच्या भरवशावर हा हात घालणार होता.

"बंद आसा," फोनमधून आवाज आला. "मी हंय आसय. लाव हात."

सत्यवानाने उघड्या हाताने तार धरली. मागे जनरेटर धडधडत होता.

"धरलंय. काय्येक नाय."

"कोणाचा घर?"

"मथुरा आयेचा. मशीन लागता तिका."

"म्हातारी बरी?"

"बरी आसा."

फोन चालूच होता. सत्यवान तार धरून तसाच उभा होता. नंतर त्याने सांगितलं की बसवलेल्या प्रत्येक जनरेटरच्या वेळी तो बाळाला हा फोन करतो, आणि एरवी दोघांचं बोलणं जवळजवळ नाहीच. पहिल्यांदा लाईन बंद आहे का एवढंच विचारायला फोन केला, तर नेमका बाळाने उचलला आणि आवाज ओळखून म्हणाला, लाव हात. तेव्हापासून हेच चालू आहे.

मला राहवेना. "परबानू, आता तरी सोडा ती तार!"

त्याने माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. फोनकडे बोट केलं.

"उतर आता," बाळा म्हणाला.

मग त्याने हात काढला.