बाईंची बोटभर सावली

सगळं बडोदं पावसाकडे डोळे लावून बसलेलं असायचं, आणि आमच्या वरच्या मजल्यावरच्या भूगोलाच्या बाई गच्चीत उभ्या राहून ढगांना दटावायच्या, "आज नाही हं! उद्या या आणि हवं तेवढं कोसळा." कारण एकवीस जून, वर्षातला सगळ्यांत मोठा दिवस. दिवाळीला बाई दोन पणत्या लावून मोकळ्या व्हायच्या. त्यांचा सण हाच.

त्या दिवशी त्यांच्या घरात दिवा लागत नसे. तांबडं फुटताना गच्चीत चहा, आणि सूर्य बुडायच्या आत तिथंच जेवण, मोसमातला शेवटचा आमरस आणि पुऱ्या. "एवढा उजेड पडलाय आणि बटणं कसली दाबता?" शाळेतून निवृत्त झाल्या तरी आवाज वर्गातलाच होता. शेजारच्या शांताबेन दरवर्षी आज सण कुठला ते विचारायच्या, "बाई, आजे कयो तहेवार छे?" बाई वाटी पुढे करायच्या, "लांबो दिवस छे, बेन. रस खाओ."

खरा सोहळा दुपारचा. साडेबारा उलटले की कपडे वाळत घालायची काठी मी गच्चीत उभी धरायची. ती जराही कललेली बाईंना खपत नसे. दाराचं पितळी कुलूप दोऱ्याला बांधून त्या काठीशेजारी लोंबतं धरायच्या आणि एक डोळा मिटून बघायच्या. इकडे माझे तळवे भाजून निघायचे.

"बाई, आटपा ना!"

"थांब गं. सूर्य काय तुझ्या सोयीनं चालणार आहे?"

मग काठीच्या बुडाशी जेमतेम बोटभर सावली उरायची, आणि तीही दक्षिणेला. एरवी दुपारची सावली उत्तरेला असते. "कर्कवृत्त आपल्या जरासंच वर आहे. म्हणून या दिवसांत सूर्य आपल्याला ओलांडून पलीकडे जातो," असं दरवर्षी नव्यानं सांगून बाई त्या सावलीवर पाय ठेवायच्या आणि खुदकन हसायच्या.

इंग्लंडमधला मुलगा त्यांना कायमचं बोलावत होता. बाई काहीबाही सांगून टाळायच्या. शेवटी तो म्हणाला, "आई, इथं जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो." आणि बाई चक्क तयार झाल्या! मला असा संताप आला म्हणता! बडोदं सोडायचं, आम्हाला सोडायचं, ते दोन तासांच्या उजेडासाठी?

निघायच्या दिवशी एकेका पायरीवर थांबत त्या खाली आल्या. माझा फुगलेला चेहरा बघून म्हणाल्या, "अगं, हा जिना आता मला झेपत नाही. गच्चीत तर महिनाभर गेले नाही. पण गुडघ्यांपायी गाव सोडलं म्हणायला लाज वाटते. उजेडासाठी गेले म्हणावं." तेच पितळी कुलूप दाराला लागलं आणि किल्ली माझ्या हातात आली.

पुढच्या एकवीस जूनला मी ते कुलूप काढलं, दोऱ्यानं काठीला लोंबतं बांधलं आणि ती काठी गच्चीत एका हातानं उभी धरून बाईंना फोन लावला. तिकडे सकाळ होती.

"दिवस मोठा आहे गं इथं," त्या म्हणाल्या, "पण काल भर दुपारी बघितलं, सावली काठीच्या निम्मी. पायाखाली येतच नाही. तुझी किती?"

"बोटभर."

"दक्षिणेला?"

"दक्षिणेलाच, बाई."

पलीकडून तोच वर्गातला आवाज आला.

"मग उभी काय राहिलीस? ठेव पाय तिच्यावर. माझा म्हणून ठेव."